वखारीतली चाल

बेळगावच्या कॅम्पातल्या पोस्टात तिकिटांच्या खिडकीमागं बसणाऱ्या सत्याप्पाच्या डाव्या करंगळीत कधीकधी काचेची एक नळी अडकवलेली दिसायची. दुपारच्या सुट्टीत मागच्या खोलीत गिटार वाजवून झाली की ती काढायला तो विसरे आणि तसाच येऊन खिडकीत बसे. कंग्राळीच्या एका म्हाताऱ्यानं ती संधिवातावरची काहीतरी चीज समजून कुठं मिळते म्हणून विचारलंही होतं. सत्याप्पानं त्याला नीट समजावून सांगितलं, की हा औषधाच्या बाटलीचा कापलेला गळा आहे, तारेवरून घासत नेला की सूर माणसासारखा लांबतो. म्हाताऱ्याचा चेहराच पडला. एवढं ऐकून घेऊन दुखण्यावर उपाय काहीच नाही, हे काही त्याला पटलं नाही.

सत्याप्पा मूळचा निपाणीचा. बाप देवाप्पा गेला तेव्हा हा अजून रांगतही नव्हता. आई तानीबाई तंबाखूच्या वखारीत कामाला. त्या काळी निपाणीत बाईमाणसाला दुसरं काम होतंच कुठं म्हणा. पत्र्याच्या छपराखाली बायका दोन-दोन मिळून समोरासमोर बसायच्या, नाकातोंडावर पदर गुंडाळायच्या आणि मोठ्या चाळणीनं पाला चाळायच्या. तुळईला झोळ्या बांधलेल्या, त्यांत तान्ही पोरं. बाहेरून नुसतं दारात उभं राहिलं तरी नवख्या माणसाचे डोळे चुरचुरावेत अशी ती हवा, आणि सत्याप्पाची पहिली चारपाच वर्षं त्याच हवेत गेली. त्याला मात्र त्या वखारीतली आठवायची ती गाणी. चाळणीच्या खसखस आवाजावर बायका गायच्या, आणि त्यांत तानीबाईचा आवाज वेगळा ओळखू यायचा. शब्द काही त्याच्या ध्यानात राहिले नाहीत, चाली तेवढ्या राहिल्या.

ही गाणी पुरुषांपुढं म्हणायची नाहीत, असा बायकांचा शिरस्ता होता. त्यांत सासू असायची, नवरा असायचा, मुकादमाच्या मिशाही असायच्या. झोळीतलं पोर पुरुषांत धरत नसत, म्हणून सत्याप्पाला ती ऐकायला मिळाली. पुढं तो शाळेत जायला लागला आणि एके दुपारी आईची भाकरी घेऊन वखारीच्या दारात उभा राहिला, तर गाणं मधेच थांबलं. कोणीतरी म्हणालं, पुरुषमाणूस आलं गं बाई. सगळ्या हसल्या. सत्याप्पाला तेव्हा मोठा अभिमान वाटला. आपण काय गमावलं हे कळायला त्याला वीस वर्षं लागली. त्या दिवसानंतर आईचं गाणं त्याच्या कानावर कधी पडलं नाही. तानीबाई घरी गात नसे. कामाशिवाय गाणं, हे तिला कामाशिवाय जेवण्यासारखं वाटायचं.

मॅट्रिक होऊन तो पोस्टात लागला, बेळगावला आला आणि तिथं त्याला पेद्रूबाब भेटला. लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेला हा गोव्याचा म्हातारा पेन्शनसाठी खिडकीशी यायचा आणि रांग असली की जिभेनंच ताल धरून उभा राहायचा. ओळख वाढली. सत्याप्पा संध्याकाळचा त्याच्या घरी जाऊन गिटार शिकू लागला. आधी चर्चमधली गाणी, मग हिंदी सिनेमातली. एक दिवस पेद्रूबाबनं ट्रंकेतून एक जुनी तबकडी काढली. कोणा परदेशी साहेबानं जाताना दिलेली. तबकडी खरखरत फिरू लागली आणि कोणी काळा माणूस गिटारीची तार रडवत गाऊ लागला. सत्याप्पाला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी तो तबकडीजवळ सरकून बसला. ह्याला ब्लूज म्हणतात, पेद्रूबाबनं सांगितलं. अमेरिकेतले हे लोक कापसाच्या शेतात राबायचे, राबताना गायचे, आणि त्यातून हे आलं.

सत्याप्पा म्हणाला, आमच्याकडं तंबाखू आहे.

पेद्रूबाबनं त्याच्याकडं जरा बघितलं आणि म्हणाला, मग ते वाजव.

बाटलीचा गळा कापून नीट घासून द्यायचं काम पेद्रूबाबनंच केलं. पुढं म्हातारा गेला, पण ती काच सत्याप्पाच्या करंगळीत राहिली.

जगासाठी सत्याप्पा ऑर्केस्ट्रातला गिटारवाला होता. गणपतीत, चौदा एप्रिलला, लग्नाच्या वरातीत तो फर्माइशीची गाणी वाजवी आणि लोक नाचत. वखारीतल्या चाली तो फक्त घरी वाजवायचा, आणि ऐकायला एकटी मालू. मालू त्याची बायको, बालवाडीत शिकवायची, आणि तिचं म्हणणं असं, की दिवसभर चाळीस पोरांचं रडं ऐकून आल्यावर घरी हे आणखी एक कशाला. असं म्हणायची आणि चुलीपाशी हात थांबवून ऐकत बसायची. या चालींतली एक त्याची फार लाडकी होती. सूर हळूहळू चढत वर जायचा आणि अगदी वर पोचतोय असं वाटेपर्यंत एकदम थांबायचा. काही क्षण काहीच नाही. मग कुठून तरी खालून अलगद पुन्हा सुरू होऊन शेवटाला जायचा. ही थांबायची जागा सत्याप्पाच्या डोक्यात लहानपणापासून पक्की बसलेली होती. आई तिथं थांबायची, म्हणून तोही थांबायचा. मालू म्हणायची, तेवढ्या वेळात माझं दूध बघून होतं.

आणि मग कडोलीचं साहित्य संमेलन आलं. सत्ताऐंशी साल असेल. एका स्वागतगीताला साथ करायला म्हणून सत्याप्पाला नेलं होतं. पाहुणे वक्ते वाटेत अडकले, मंडप भरलेला, लोक चुळबुळ करायला लागलेले. कोणीतरी म्हणालं, त्या गिटारवाल्याला तोवर काही वाजवू द्या. सत्याप्पाला काय सुचलं कोण जाणे, त्यानं सिनेमातलं काही न घेता ती चाल धरली. थांबायची जागा आली तेव्हा मंडपात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पुढच्या रांगेत बेळगावचे मार्तंडराव वकील बसले होते, गाण्याचे मोठे शौकीन आणि मनात आलेलं पोटात न ठेवणारे. त्यांनी उठून जाहीर सांगून टाकलं, की आज सकाळपासूनच्या सगळ्या भाषणांपेक्षा या माणसाचं ते गप्प राहणं जास्त बोललं. सकाळी ज्यांनी भाषणं केली होती त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली.

तिथून सत्याप्पाला नाव मिळालं. काकतीला बोलावणं आलं, बेळगावच्या वाचनालयात कार्यक्रम झाला. लोक त्या जागेची वाट बघत बसायचे, आणि खोटं कशाला सांगा, सत्याप्पाही थोडा फुगला. थांबताना डोळे मिटायला लागला. आधी दोन श्वासांची जागा होती, ती तीनची झाली. मालूच्या हे लक्षात आलं होतं, पण नवऱ्याला उशिरा मिळालेलं सुख आहे म्हणून ती बोलली नाही.

मार्तंडरावांनी तर मनावरच घेतलं. कोल्हापुरात गोपाळ म्हणून त्यांचा मावसभाऊ होता, त्याचा छोटासा स्टुडिओ होता, भक्तिगीतांच्या कॅसेटी काढायचा. वखारीतल्या चालींची एक आख्खी कॅसेट काढायची ठरली. तिला निपाणी ब्लूज म्हणायचं, हेही मार्तंडरावांनीच ठरवलं. पोस्टातून रजा काढून सत्याप्पा निघाला. ढोलकीला काकतीचा मष्णू. मालूही निघाली. ती वाटेत निपाणीला सासूपाशी उतरणार होती.

स्टुडिओ म्हणजे जिन्यावरची एक खोली. भिंतींना काथ्याच्या चटया ठोकलेल्या, मधे काच, काचेपलीकडं गोपाळ आणि त्याचं यंत्र. आवाज धरताना पंखा बंद करावा लागे, त्यामुळं सगळे घामानं निथळत. पहिल्या दिवशी बाकीच्या चाली झाल्या. ती लाडकी चाल सत्याप्पानं मुद्दाम दुसऱ्या दिवसावर ठेवली. मष्णूबरोबर तालीम करताना मात्र त्या जागेवरून खटका उडाला. मष्णूचं म्हणणं, ताल तिथं फाटतो, हात कुठं ठेवू सांग. सत्याप्पा म्हणाला, ठेवूच नकोस, उचलून धर. मष्णू म्हणाला, आजवर मला कोणी न वाजवायचे पैसे दिले नाहीत. पण सत्याप्पा हटेना. शेवटी मष्णूनं हात उचलून धरायचं कबूल केलं.

संध्याकाळी सत्याप्पा निपाणीला आईकडं आला. तानीबाईनं छातीच्या दुखण्यापायी वखार सोडून चार वर्षं झाली होती, पण निपाणी काही सोडली नव्हती. बेळगावला चल म्हटलं की म्हणायची, तिथं माझ्याशी बोलायला कोण हाय. इथं शेजारी सोनुबाई होती, पलीकडं लक्ष्मीबाई होती, सगळ्या एकाच वखारीतल्या. बोलायला बसल्या की मधेमधे खोकायच्या, आणि एकीचा खोकला थांबेपर्यंत दुसरी आपला शब्द तोंडात धरून ठेवायची. इतक्या सवयीनं, की त्यांना त्याचं काही वाटत नसे.

जेवताना सत्याप्पानं कॅसेटीचं सांगितलं. कसली गाणी, असं तानीबाईनं विचारलं, आणि वखारीतली म्हटल्यावर तिचा हात भाकरीवरच थांबला. बायकांची गाणी बाप्यांनी वाजवायची म्हणजे काय, असं ती जरा रागावूनच म्हणाली. मग थोड्या वेळानं विचारलं, की कोणती. मग आणखी थोड्या वेळानं, उद्या मीबी येतो म्हणाली. निपाणीकडच्या बायका असं येतो-जातो म्हणतात, आणि एकदा म्हटलं की येतातच.

दुसऱ्या दिवशी तानीबाई मालूचा हात धरून जिना चढली. वर पोचल्यावर दम घ्यायला थांबावं लागलं. गोपाळनं तिला काचेबाहेर खुर्ची दिली. मार्तंडराव आज बेळगावहून मुद्दाम आले होते, त्यांनी उठून नमस्कार केला आणि म्हणाले, या गाण्यांचं मूळ तुम्ही. तानीबाईनं पदर सारखा केला. पंखा बंद झाला. आतून सत्याप्पानं एकदा आईकडं बघितलं. आजवर ऑर्केस्ट्रातलं तिनं ऐकलं होतं, पण ही चाल आईपुढं वाजवायची पहिलीच वेळ. त्यानं करंगळीतली काच पुन्हा नीट बसवली.

चाल सुरू झाली. पहिल्या सुरांना तानीबाईच्या मांडीवरचे हात हलायला लागले. दोन्ही हातांनी ती नसलेली चाळण धरून हलवत होती, तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. सूर चढत गेला. वर पोचता पोचता सत्याप्पानं डोळे मिटले, मष्णूनं हात उचलला आणि सगळं थांबलं. तानीबाईचे हात मात्र थांबले नाहीत. ते वर उडाले, आणि वर गेल्यावर, खाली कुठं यावं हे न कळून, तसेच राहिले.

चाल संपली. गोपाळनं काचेतून जमलं अशी हातानं खूण केली. मार्तंडराव डोळे पुसत होते. सत्याप्पा बाहेर आला आणि सरळ आईपाशी गेला.

"त्ये मधी थांबलास कशापायी?" तानीबाईनं विचारलं.

"तू थांबायचीस की तिथं, आये."

"मी? मी कवा थांबलो?"

"वखारीत. मला आठवतंय न्हवं. दर बारीला थांबायचीस. समद्याच थांबायच्या."

तानीबाईनं मनातल्या मनात चाल म्हणून बघितली. ओठ हलले. हात पुन्हा वर गेले. आणि मग तिच्या ध्यानात आलं. ती सुनेकडं बघून बोलली, मुलाकडं बघायचं तिला धैर्य झालं नाही.

"आगं, तिथं ठसका यायचा आमास्नी. चाळण वर उडवायचो आनि खकाणा उठायचा. गाणं कुठलं थांबतंय. आमीच खोकत बसायचो."

तानीबाई मग हळूहळू उलगडून सांगत गेली. चाळण वर झटकायची वेळ आणि सूर वर न्यायची वेळ एकच. हात वर गेले की आवाजही वर जातो, म्हणून बायकांनी जात्यावरची ती चाल चाळणीवर तशी बसवून घेतली होती. पण झटका बसला की धुरळ्याचा लोट उठायचा, नेमका उघड्या तोंडात जायचा आणि सगळ्या एकदम ठसकायच्या. खोकून झालं की चाळणीत पाला भरायचा आणि राहिलेली ओळ म्हणायची. रोजचंच ते. वखारीत खोकला ही काही ऐकायची गोष्ट नव्हती, तिथली ती हवाच होती. म्हणून झोळीतल्या पोरानं खोकला कानाआड केला आणि थांबणं तेवढं उचललं.

सत्याप्पा खाली फरशीवर बसला. ज्या जागेसाठी लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, जी त्यानं डोळे मिटून मिटून लांबवली होती, ती त्याच्या आईच्या छातीची खरखर होती. त्याला भयंकर शरम वाटली. आणि त्याच वेळी, मनुष्यस्वभाव मोठा चमत्कारिक आहे, ती जागा आपल्या हातून जाणार की काय अशी भीतीही वाटली.

मार्तंडराव मात्र उठून उभे राहिले होते. माणूस मनाचा चांगला, हेतू तर त्याहून चांगला. ते म्हणाले, आता तर ही जागा ठेवलीच पाहिजे. हे गाण्यातलं मौन नाही, या बायकांच्या आयुष्याचा पुरावा आहे. आपण हे कॅसेटीवर छापू, लोकांना कळू दे तंबाखू कुठून येते. गोपाळनंही मान हलवली. सत्याप्पालाही ते पटत होतं. खरं तर त्याला सुटल्यासारखं झालं. जागाही राहील, तिला मोठा अर्थही येईल.

तानीबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"सायेब, तुमी म्हंता ते खरं आसंल," ती म्हणाली. "पर खोकला वखारीचा हाय. गाणं माझ्या आईचं हाय. माझ्या लेकानं वखारीचं का म्हणून वाजवावं?"

"आये, लोक त्या जागंसाठी येत्यात," सत्याप्पा म्हणाला. म्हटल्याबरोबर त्याला आपलाच आवाज आवडला नाही.

"येऊ देत की. माहेरला जात्यावर आई म्हणायची तवा त्ये पुरं ऐकलंय मी. वखारीत उभा जल्म गेला, पर एक डाव बी पुरं म्हणाय गावलं न्हाय रं. तुज्या हातात तर खोकला न्हाय. तू तरी पुरं वाजीव."

एवढं बोलून तिलाच ठसका लागला, आणि मालू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सत्याप्पा आईच्या त्या हलणाऱ्या पाठीकडं बघत होता. एवढं आयुष्य तिनं मुलाकडं काही मागितलं नव्हतं. लुगडं आणलं तर कशाला आणलंस म्हणायची, मनिऑर्डर केली तर परत पाठवायची. आज पहिल्यांदा काही मागत होती, आणि त्यासाठी आपण विचार करत बसलोय, हे जाणवून त्याला स्वतःचा रागच आला.

"त्या जागी काय हाय ते मला ठावं न्हाय, आये. तू शिकव," तो म्हणाला.

आता आली पंचाईत. शिकवायचं म्हणजे गायचं, आणि इथं तर तीन बाप्ये आणि चौथा पोटचा पोर. तानीबाई काही केल्या तोंड उघडेना. मालूला हे बरोबर कळलं. तिनं बालवाडीतल्या आवाजात सगळ्यांना चहा पिऊन यायला सांगितलं. मार्तंडराव, गोपाळ आणि मष्णू निमूट जिना उतरले. बेळगावच्या कोर्टातही वकीलसाहेब इतक्या मुकाट्यानं कोणाचं ऐकत नसावेत.

सत्याप्पा गिटार मांडीवर घेऊन तिथंच राहिला. तानीबाईनं भिंतीकडं तोंड केलं, पदर पुढं ओढला आणि शब्द न म्हणता नुसती चाल गुणगुणली. हात हवेत चाळण चाळत होते. पहिल्यांदा त्या जागी आली आणि खोकली. दुसऱ्यांदाही खोकली. मालूनं पाणी दिलं. तिसऱ्यांदा तिनं मधेच एक छोटा श्वास चोरला, हात वर फेकले, आणि सूर चढून त्या जागेपलीकडं गेला. सत्याप्पाला वाटलं होतं त्याहून कितीतरी वर. तिथं तो नाजूकसा वळला, जरा रेंगाळला आणि खाली उतरला. आवाज पार चिरका झालेला, कापरा. पण लहानपणी झोळीत ऐकलेला तोच. वीसपंचवीस वर्षांनी आई त्याच्यापुढं गायली होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण तो सूर विसरायच्या आत तारेवर शोधायचा होता. काच सरकवत सरकवत त्यानं तो धरला. तानीबाई भिंतीकडंच बघत म्हणाली, व्हय, आसंच.

"हितं शबूद काय हाईत गं?" त्यानं विचारलं.

"बायकांचं आसतंय काय बी. तुला काय करायचंय?" ती म्हणाली आणि कानामागं केस सारत बसली. त्यानं पुढं विचारलं नाही.

मंडळी चहा घेऊन आली. पुन्हा पंखा बंद झाला. पहिल्या खेपेला गंमत झाली. त्या जागी सवयीनं सत्याप्पा थांबला आणि आदल्या दिवशी एवढं भांडलेला मष्णूही हात उचलून बसला. दोघं एकमेकांकडं बघून हसले. दुसऱ्या खेपेला चाल सलग झाली. ताल कुठं फाटला नाही. काचेबाहेर तानीबाईचे हात वर गेले आणि सुराबरोबर खाली आले.

कॅसेट निघाली. फार खपली असं नाही. बेळगावात गणपतीच्या आधी दुकानांतून दिसायची, मग भक्तिगीतांच्या ढिगाखाली गेली. ज्यांनी कडोलीला ऐकलं होतं ते भेटले की विचारायचे, ती थांबायची जागा कुठं गेली हो. सत्याप्पा म्हणायचा, ती माझी नव्हती. एवढंच. आईच्या खोकल्याची हकिकत त्यानं कोणाला सांगितली नाही, आणि मार्तंडरावांनीही नाही. पोटात काही न ठेवणाऱ्या माणसानं हे ठेवलं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. एकदा मात्र त्यांनी सत्याप्पाला खासगीत सांगितलं, की अजूनही त्यांना ती जागा आठवते. सत्याप्पा म्हणाला, मलाही आठवते.

कॅसेट आईला द्यायला तो आणि मालू दिवाळीच्या सुट्टीत निपाणीला गेले. मालूनं शाळेतला टेपरेकॉर्डर मागून आणला होता. दुपारची वेळ. तानीबाईच्या सोप्यात सोनुबाई आणि लक्ष्मीबाई येऊन टेकल्या, आणखी दोघीतिघी आल्या. सत्याप्पानं कॅसेट लावून दिली. ती चाल लागली तशी बायकांची कुजबुज थांबली. सोनुबाईनं तोंड उघडलं, आणि दारात सत्याप्पा दिसल्यावर मिटलं. तो समजला. चपला घालून बाहेर निघाला.

"बस की हितंच," तानीबाई म्हणाली. आणि शेजारणींना म्हणाली, "म्हणा गं. त्येनंच वाजिवलंय, त्येच्यापासनं काय लपवायचं."

आधी एकटी तीच म्हणायला लागली. मग एकेक जण मिळत गेली. आवाज सगळ्यांचेच फाटके, पण चाल एक. शब्द बायकांनी वखारीत घातलेले, आणि कळत्या वयात सत्याप्पा ते पहिल्यांदाच ऐकत होता.

दिस गं चढला, ऊन आलं पत्र्याला
झोळीला झोका देते, माझ्या…

गिटारीचा सूर वर चढला, बायकांचे हात वर गेले, आणि त्या जागी प्रत्येकीनं वेगळंच काहीतरी म्हटलं. लक्ष्मीबाईनं शामू म्हटलं. सोनुबाईनं रवळू म्हटलं. ज्या त्या बाईनं आपल्या पोराचं नाव तिथं घातलं होतं. त्या सगळ्या नावांच्या कालव्यात, अगदी वरच्या सुरात, जिथं तो इतकी वर्षं डोळे मिटून गप्प बसत आला होता, तिथं सत्याप्पाला आपलं नाव ऐकू आलं. आईनं ते पुरं म्हटलं. मग ‘बाळाला’ म्हणून ओळ खाली उतरली, आणि त्यानंतर तिला ठसका लागला.

सत्याप्पा उठला, घागरीतून पाणी घेतलं आणि तिच्यापुढं तांब्या धरून बसला. वखारीत ती रोज आपल्याला हाक मारत होती आणि रोज ती हाक खोकल्यात जात होती, हे त्याला आता कळलं होतं. तानीबाई पाणी प्याली, तोंड पुसलं आणि त्याला म्हणाली, आता पयल्यापासनं लाव.